ग्रेड तेच, सरासरी वेगळी

दार उघडलं तेव्हा भाऊजींना आधी दिसले ते पांढरे बूट. मग पांढरा गणवेश. आणि मग त्या गणवेशातल्या बाईचा चेहरा, तोही तितकाच पांढरा पडलेला.

तपास करणाऱ्या बाई इथंच राहतात ना, असं तिनं विचारलं. भाऊजींनी ओठांवर बोट ठेवलं. वहिनींची सकाळची प्रार्थना चालू होती आणि ती संपेपर्यंत छत कोसळलं तरी त्या डोळे उघडणार नव्हत्या.

भाऊ गेल्यावर वहिनींनी विमा कंपनीतली तपासनिसाची नोकरी सोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हापासून भाऊजी त्यांची गाडी चालवत, फाइली उचलत आणि दर प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घेत. या शेवटच्या कामात त्यांनी आजवर कधी कसूर केली नव्हती.

वहिनी उठून आल्या, तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "सांगा."

ती रुग्णालयात परिचारिका होती. रात्रपाळी संपवून तशीच आली होती. तिची मुलगी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. एका संशोधन संस्थेत तिच्या विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी एकच जागा होती. अट एवढीच की चार वर्षांची एकूण सरासरी, म्हणजे सीजीपीए, किमान ८.५० हवी. अर्ज तिनं भरला होता, पण त्याला अंतिम पत्रक जोडायची मुदत आज पाचला संपत होती.

पंधरा दिवसांपूर्वी मुलीनं परीक्षा विभागाकडून तात्पुरतं पत्रक मागवलं. त्यावर सरासरी होती ८.५२. घरात आनंदीआनंद. परवा, सोमवारी, अंतिम पत्रक मिळालं. त्यावर ८.४७.

"एखाद्या विषयाचा ग्रेड कमी झाला असेल," भाऊजी म्हणाले.

"तेच तर. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून पाहा. एकूण एक विषयाचा ग्रेड तोच आहे. फक्त खालचा आकडा वेगळा."

परीक्षा विभागानं तपासलं, तर गुणांच्या नोंदीला कुणीही हात लावलेला नव्हता. गणितही बरोबर होतं. मग अर्थ एकच निघत होता: तात्पुरतं पत्रक मुलीनं स्वतः संगणकावर बनवलं. आज तीन वाजता चौकशी समिती बसणार होती. आरोप सिद्ध झाला तर पदवीच रोखली जाणार.

"विभागप्रमुख सर मात्र देवमाणूस," आई पदरानं डोळे पुसावेत तशी बाहीनं पुसत म्हणाली. "म्हणाले, अर्ज मागे घेते असं लिहून दे, मी समितीला समजावतो, पदवीला डाग लागू देत नाही. रविवारी ती त्यांच्या घरी शिफारसपत्रावर सही आणायला गेली होती, तेव्हासुद्धा किती मायेनं बोलले. पॉइंट शून्य तीननं कुणाचं आयुष्य अडत नाही पोरी, म्हणाले. पण ती लिहून द्यायला तयार नाही. मी केलंच नाही तर मागे का घेऊ, म्हणते. अडून बसलीय. तुम्ही सांगा, मी काय करू? तिला लिहून द्यायला लावू, की तिच्या पाठीशी उभी राहू?"

वहिनींनी दोन्ही पत्रकं हातात घेतली. विषयाचं नाव, ग्रेड आणि तळाशी सरासरी. बाकी काही नाही.

"तीन वाजेपर्यंत तिला कशावरही सही करू देऊ नका," त्या म्हणाल्या.

गाडी निघाली तेव्हा परिचारिका मागच्या सीटवर बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागली. सिग्नलला भाऊजींनी मोबाइल काढला. मुलीच्या आठही सेमिस्टरच्या सरासऱ्या तिच्या आईनं दिल्या होत्या. त्यांनी बेरीज केली, आठनं भागलं आणि विजयी चेहऱ्यानं जाहीर केलं, "८.५५. म्हणजे दोन्ही पत्रकं खोटी."

"भाऊजी, वाटीभर दुधात खूप साखर आहे आणि पातेलंभर दुधात थोडी. दोन्ही एकत्र ओतली तर गोडी बरोब्बर मधली येईल का?"

"नाही. पातेल्याकडे झुकेल."

"तसंच हे. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात, म्हणजे त्याचं वजन. ग्रेडचे गुण गुणिले क्रेडिट, असं प्रत्येक विषयाचं करायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. चार क्रेडिटचा विषय म्हणजे पातेलं, एका क्रेडिटचा म्हणजे वाटी. तुम्ही सगळी भांडी एकाच मापाची धरलीत."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. भाऊजींनी मोबाइल खिशात टाकला.

परीक्षा अधिकारी बाई काटेकोर होत्या. टेबलावर पेनसुद्धा एका रेषेत. आपल्या विभागावर कुणी शंका घेतलेली त्यांना खपत नसे, पण त्यांनी काही लपवलंही नाही. तात्पुरतं पत्रक संगणक मागणीनुसार त्या क्षणी बनवून ईमेलनं धाडतो, त्याची प्रत इथं राहत नाही. त्यामुळे मुलीचं पत्रक खरं होतं की नाही, हे त्या सांगू शकत नव्हत्या. अंतिम सरासऱ्या सोमवारी सकाळी त्यांनी स्वतः काढल्या. त्याआधी त्या कुणाच्याच नजरेला पडणं शक्य नव्हतं.

"मी हातानंही ताडून पाहिलं," त्या म्हणाल्या. "गुण गुणिले क्रेडिट, बेरीज एक हजार तीनशे पंचावन्न. एकूण क्रेडिट एकशे साठ. उत्तर ८.४७. यात शंकेला जागा कुठं?"

"क्रेडिट कोण ठरवतं?"

"तास ठरवतात. आठवड्याला एक तास व्याख्यान असेल तर एक क्रेडिट. प्रयोगशाळेत दोन तासांना एक. विषयांचा तक्ता विभाग भरतो, आम्ही तो जसाच्या तसा घेतो. विभागप्रमुख आणि समन्वयक मॅडम, दोघांकडे तक्त्याचा पासवर्ड आहे. पण तिथून कुणाच्या गुणांना हात लावता येत नाही, हे ध्यानात घ्या. गुण फक्त इथं."

भाऊजींनी ते ध्यानात घेतलं आणि विभागातल्या सगळ्यांना मनातल्या मनात निर्दोष सोडून दिलं. राहिल्या परीक्षा अधिकारी बाई. त्यांच्या सरळ रेषेतल्या पेनांकडे ते संशयानं बघत बाहेर पडले.

मुलगी प्रयोगशाळेत सापडली. काचेच्या उंच नळकांड्यांत वाळूचे थर भरलेले होते आणि ती एकेक नळकांडं रिकामं करून धूत होती. आईला पाहून तिनं फक्त विचारलं, "काही खाल्लंस का?" आईनं मान हलवली, ती होकाराची की नकाराची, हे भाऊजींना कळलं नाही.

प्रकल्पाबद्दल विचारल्यावर मात्र ती भराभर बोलली. वाळूच्या थरातून पाणी गाळायची ही पद्धत विभागप्रमुख सरांची. त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधात लिहिलं होतं की थर वर्षभर टिकतो. तिनं वेळापत्रकाप्रमाणे सोमवार, मंगळवार, बुधवार, दर दुपारी चार-चार तास इथं उभं राहून मोजमापं घेतली. थर काही आठवड्यांतच तुंबत होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दहापैकी दहा दिले. संशोधन संस्थेत ती हेच काम पुढे नेणार होती.

"सर काय म्हणाले?"

"तिकडे गेलीस तर विषय बदल म्हणाले. मी म्हटलं, बघू."

सगळ्यात कमी ग्रेड कुठला, तर औद्योगिक व्यवस्थापन, सहा गुण. ते सांगताना ती पहिल्यांदा लाजली. समन्वयक मॅडमच्या तासाला झोप यायची, त्याला काय करणार.

तात्पुरतं पत्रक आणखी कुणी मागवलं होतं का, असं वहिनींनी विचारलं. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं मागवलं होतं, नोकरीसाठी. तिचा आकडाही जरासा हलला होता. आधी ७.९०, आता ७.८९. एवढ्याशा फरकाला कोण विचारतो, म्हणून ती गप्प बसली. वहिनींनी त्या मैत्रिणीला फोन लावायला सांगितलं आणि दोनच गोष्टी विचारल्या: प्रकल्पात किती, व्यवस्थापनात किती. नऊ आणि आठ, असं उत्तर आलं.

समन्वयक मॅडम अध्यापक कक्षात होत्या. गोल चेहऱ्याच्या, बोलक्या. शेजारी एक विलक्षण उंच मुलगा डबा खात बसला होता. वर्गात त्याला खांब म्हणत. तो मॅडमचा भाचा. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मावशीकडेच. हे सगळ्या विभागाला माहीत होतं. आणि त्या जागेसाठी दुसरा अर्ज त्याचाच होता, हेही.

त्याची अंतिम सरासरी ८.५१ होती. मुलगी बाद झाली तर जागा त्याची.

भाऊजींनी वहिनींना कोपरानं हलकेच ढोसलं. वहिनींनी लक्ष दिलं नाही.

"तात्पुरतं पत्रक तू मागवलं नव्हतंस?" त्यांनी खांबाला विचारलं.

"कशाला? मावशीनं हिशेब करून दिला होता."

"सोप्पं तर आहे," मॅडम म्हणाल्या. "आठ सेमिस्टरची बेरीज, भागिले आठ. ८.५६ येत होते. अंतिम पत्रकात पाच शतांश कमी आले, पण काही बिघडलं नाही. ड्रॉइंगमध्ये दिवे लावले नसते तर आणखी वर गेला असता."

"पाच गुण," खांब घास गिळत म्हणाला. "माझा एकमेव काळा डाग. प्रकल्पात सात, तो राखाडी. पण मावशीच्या विषयात दहा."

"आणि ते मी दिलेले नाहीत बरं का. भाचा वर्गात असला की माझे पेपर दुसरीकडे तपासायला जातात. आठवड्याला दोनच तास मिळतात मला, त्यात एवढं शिकवते, त्याचं चीज होतंय."

ती मुलगी तशी नाही हो, असंही मॅडम म्हणाल्या. झोपते, पण खोटं करणारी नाही.

बाहेर आल्यावर भाऊजी फुटले. "वहिनी, आणखी काय हवं? फायदा हिच्या घरात. पासवर्ड हिच्याकडे."

"पासवर्डनं गुण बदलत नाहीत, असं परीक्षा अधिकारी बाईंनी मघाशी सांगितलं."

"ते खरं," भाऊजी म्हणाले आणि पुन्हा पेनांचा विचार करू लागले.

विभागप्रमुखांनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, हळू आवाजात बोलले. मुलगी हुशार आहे, प्रकल्पही बरा होता, बाहेरच्या परीक्षकांनी जरा सढळ हातानं गुण दिले इतकंच. मोहाचा एक क्षण, दुसरं काही नाही. त्यांना कुणाचं वाटोळं करायचं नव्हतं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता: मी माझा अर्ज स्वखुशीनं मागे घेत आहे. खाली सहीची जागा.

"हे तिला दाखवा," ते परिचारिकेला म्हणाले. "आई आहात, तुमचं ऐकेल."

परिचारिकेनं कागद घेतला. वहिनींनी तो अलगद काढून घेतला आणि पालथा करून टेबलावर ठेवला.

तीन वाजता त्याच खोलीत सगळे जमले. विभागप्रमुख मध्ये, एका बाजूला परीक्षा अधिकारी बाई, दुसऱ्या बाजूला समन्वयक मॅडम. हीच समिती. खांबाला दुसरा अर्जदार म्हणून बोलावलं होतं, तो दाराशी वाकून उभा होता. मुलगी खुर्चीत ताठ बसली होती. आई तिच्यामागे उभी.

विभागप्रमुखांनी घसा साफ केला. त्याआधीच वहिनी बोलल्या.

"बाई, तुमची नोंद खरी आहे. हिच्या गुणांना कुणी हात लावला नाही. तुमचं गणितही बरोबर आहे. आणि हिचं तात्पुरतं पत्रकसुद्धा खरं आहे."

"दोन्ही कशी खरी असतील?" परीक्षा अधिकारी म्हणाल्या.

"भागाकारात तीन गोष्टी असतात. गुण, क्रेडिट आणि एकूण क्रेडिट. आपण सगळे गुणांकडे बघत बसलो. बदललं ते वजन. सर, तक्त्यात प्रकल्पाला क्रेडिट किती आहेत?"

"चार," विभागप्रमुख म्हणाले.

"आणि ही दर आठवड्याला तीन दुपारी चार-चार तास प्रयोगशाळेत उभी होती. बारा तास. दोन तासांना एक क्रेडिट, या नियमानं सहा होतात. मॅडम, तुमच्या विषयाचे आठवड्याला तास किती?"

"दोन. आणि क्रेडिटही दोनच."

"तक्त्यात आता चार निघतील."

परीक्षा अधिकारी बाईंनी आपला संगणक उघडला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "चार आहेत. मी तक्ता विभागाचा म्हणून घेतला."

"एकाचे दोन काढले आणि दुसऱ्यात दोन घातले, म्हणून बेरीज एकशे साठच राहिली आणि कुणाला संशय आला नाही. हिला प्रकल्पात दहा, व्यवस्थापनात सहा. दोन क्रेडिट दहावरून सहावर गेले की बेरजेत आठ कमी होतात. जुनी बेरीज एक हजार तीनशे त्रेसष्ट, नवी पंचावन्न. म्हणजे ८.५२ चे ८.४७. पण तक्ता बदलला की तो सगळ्या वर्गाला बदलतो. हिच्या मैत्रिणीचे नऊ आणि आठ, तिची बेरीज दोननं उतरली आणि ७.९० चे ७.८९ झाले. तिनं तर काही खोटं बनवलं नव्हतं. आणि या खांबाचे सात आणि दहा. त्याची सहानं चढली. तक्ता तसाच राहिला असता तर तो आज ८.४७ वर असता."

खांब सरळ उभा राहिला. त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं, पण त्याला ते कळलं नाही. तो मावशीकडे बघत होता.

भाऊजींना राहवलं नाही. "मी म्हणत नव्हतो, मॅडमच."

"मी?" मॅडमचा चेहरा उतरला. "अहो, तो ८.५६ वर आहे असं मी धरून चालले होते."

"हो," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच तुम्ही नाही. तुम्ही सगळी भांडी एकाच मापाची धरता. ज्याला क्रेडिटचं वजन हिशेबात घ्यायचंच सुचत नाही, तो वजन बदलून चोरी कशी करेल? तुमच्या लेखी भाचा आधीच ८.५०च्या रेषेच्या वर होता. शिवाय त्याला उचलायचं असतं तर ड्रॉइंगचं वजन काढलं असतं. पाच गुणांचा त्याचा काळा डाग होता तो. पण वजन काढलं गेलं प्रकल्पाचं, म्हणजे हिच्या सगळ्यात चांगल्या विषयाचं. आणि घातलं हिच्या सगळ्यात वाईट विषयात. फायदा कुणाचा झाला ते आपण पाहत राहिलो. हे केलं होतं नुकसानीसाठी."

वहिनी विभागप्रमुखांकडे वळल्या. ते पालथ्या कागदाकडे बघत होते.

"रविवारी तुम्ही हिला म्हणालात, पॉइंट शून्य तीननं आयुष्य अडत नाही. तेव्हा हिच्याकडे ८.५२ होते. रेषेच्या वर पॉइंट शून्य दोन. तीन हा आकडा रेषेच्या खालचा आहे, ८.४७ पासून ८.५० पर्यंतचा. अंतिम सरासऱ्या निघाल्या सोमवारी. रविवारी हा आकडा फक्त त्यालाच माहीत असणार, ज्यानं तो आधी मोजून ठेवला होता."

"बोलण्याच्या ओघात माणूस काहीही म्हणतो," विभागप्रमुख म्हणाले. आवाज अजून हळूच होता.

"म्हणतो. मग एवढंच सांगा. बारा तासांचे क्रेडिट किती?"

परीक्षा अधिकारी बाईंनी आपली खुर्ची विभागप्रमुखांपासून थोडी दूर घेतली. तेवढ्यानंच खोलीचा निकाल लागला.

मग ते बोलले ते फार थोडं. त्या एका निबंधावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. मुलगी इथंच राहिली असती तर ते काम कपाटात गेलं असतं. संस्थेत गेली असती तर छापलं गेलं असतं. पदवी घालवायची नव्हती, फक्त अर्ज थांबवायचा होता. तिच्याकडे जुनं पत्रक असेल हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ती ते घेऊन परीक्षा विभागात गेली आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. वहिनींनी त्यांना मध्ये टोकलं नाही, की काही सुनावलंही नाही. माणूस आपल्याच तोंडानं हे सांगत असेल तर त्याला आणखी शिक्षा शब्दांनी कशाला, असं त्यांना वाटत असावं.

समन्वयक मॅडमनी तक्ता पूर्ववत केला. तो करताना आपल्याच भाच्याची जागा जाते आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे डोळे भरले, पण हात थांबला नाही. परीक्षा अधिकारी बाईंनी नवं पत्रक छापलं, सहीसाठी पेन उघडलं आणि मुलीला म्हणाल्या, "८.५२. घे, धाड लवकर. पाच वाजत आले."

"थांबा," मुलगी म्हणाली. "सही करू नका. आधी मी मोजते."

खांबानं पुढं होऊन आपला कॅल्क्युलेटर तिच्यासमोर ठेवला आणि पुन्हा दाराशी गेला.

ती एकेक विषय घेऊ लागली. ग्रेडचे गुण, गुणिले क्रेडिट. पुढचा. पुढचा. चार वर्षं तिनं फक्त तळाचा आकडा वाचला होता, तो कसा बनतो हे कधी तपासलं नव्हतं. घड्याळाकडे सगळे बघत होते, ती सोडून. एकदा ती चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तेव्हा भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

"एक हजार तीनशे त्रेसष्ट," ती शेवटी म्हणाली. "भागिले एकशे साठ. ८.५१८७५. आता करा सही."

सही झाली, पत्रक अर्जाला जोडलं गेलं, अर्ज पूर्ण झाला. पडद्यावर पोच उमटली. आई मागच्या मागे खुर्चीत बसली.

विभागप्रमुख उठले. दाराशी खांबानं त्यांना वाट दिली. ते थांबले आणि मागे न वळता म्हणाले, "तुझी मोजमापं बरोबर आहेत. वाळूची."

"माहीत आहे, सर," मुलगी म्हणाली. "मी दोनदा मोजली होती."